सुटली म्हण

उल्हास पानसे एके काळी मोटरसायकल उडवत असे, असं डॅलसच्या मराठी मंडळींना सांगितलं तर ती पोट धरधरून हसतील. पंचावन्नच्या हायवेवर त्रेपन्ननं जाणारा, कोपऱ्यावरून परत येऊन घराचं कुलूप ओढून बघणारा, आणि गणपतीच्या पॉटलकच्या जेवणाला जातानाही ट्रंकमध्ये पाण्याचा कॅन, फर्स्ट एडचा डबा आणि छत्री टाकणारा हा माणूस. टेक्सासात छत्री! "उल्हासकडे चोर शिरला तर तोसुद्धा पाय पुसून शिरेल," असं मित्र म्हणत. उल्हास ते ऐकून हसायचा आणि निघताना यजमानांचा गॅस बंद आहे ना, हे बघूनच निघायचा.

पण ही सावधगिरी काही त्याच्या पत्रिकेत नव्हती. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्याच्याकडे थोरल्या भावाची जावा मोटरसायकल असे. किक मारायची आणि गिअर टाकायचा तो एकाच दांडीनं, अशी ती गाडी. नवख्याच्या पायाचा तिथे भलताच घोटाळा व्हायचा आणि उल्हासला त्याचाच अभिमान. "हा मेला कात्रजचा घाट डोळे मिटून चढेल," असं आई रागानं म्हणायची. उल्हास ते कौतुक समजायचा. अमेरिकेत आल्यावर रिचर्डसनला टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, आणि घरात सोफा यायच्या आधी दारात सेकंडहँड मोटरसायकल आली. सुचित्रा लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर तीही पदर खोचून मागं बसायची. पुढे विनीताच्या वेळी दिवस गेल्यावर तिचं बसणं थांबलं. त्याचं थांबलं नाही.

विनी चार वर्षांची असताना हायवेवरच्या एका वळणावर, सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. कॉलरबोन मोडलं, बरगड्या दुखावल्या, आणि हेल्मेटला अशी चीर गेली होती की बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून नर्सनं ते टॉवेलखाली ठेवलं. सुचित्रानं टॉवेल उचललाच.

सुचित्रा मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, एका लॅबमध्ये कामाला. अमावस्या, मांजर, शिंक, कशालाही न जुमानणारी बाई. त्या दिवशी ती रडली नाही की ओरडली नाही. झोपलेल्या विनीला कडेवर घेऊन पलंगापाशी आली, उल्हासचा जो हात धड होता तो उचलून तिनं पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा. विनीची शपथ, परत मोटरसायकलला हात लावणार नाही."

"अगं, हे काय काहीतरी..."

"म्हणा."

उल्हास म्हणाला. आपण इंजेक्शनच्या गुंगीत होतो, असं पुढे तो स्वतःला बऱ्याचदा सांगत असे. पण म्हणाला तो अगदी स्पष्ट. विनीच्या केसांना बेबी शाम्पूचा वास येत होता. ती जागी झाली नाही.

पाच वर्षं त्यानं शपथ पाळली. गाडी विकून टाकली. शेजारून कुणाची मोटरसायकल गेली की मान मात्र आपोआप वळायची, आणि मग सुचित्रा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायची. शपथेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. विनीला तर तिचा पत्ताही नव्हता.

मग राजाराम बोबड्यानं टूम काढली. राजाराम नागपूरचा, मिडलंडला तेलकंपनीत इंजिनिअर, बिनलग्नाचा, आणि त्यामुळे सगळ्यांच्या घरी हक्कानं जेवणारा. "टेक्सासमध्ये राहता आणि बिग बेंडचं नॅशनल पार्क नाही पाहिलं? यार, कमाल आहे तुमची! विनीला दर स्प्रिंग ब्रेकला काय मॉलच दाखवणार का?" विनी तेव्हा नऊ वर्षांची. वाळवंट, नदी आणि तंबूत झोपायचं म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचेना. उल्हासनं मार्च उजाडायची वाट न बघता तयारी सुरू केली. तंबू अंगणात दोनदा उभारून बघितला, स्टोव्ह पेटवून बघितला, सुचित्राला दशम्यांची ऑर्डर दिली आणि प्रत्येकासाठी रुंद काठाची टोपी घेतली.

पार्कच्या अलीकडे मॅरेथॉन नावाचं गाव लागतं. पाटी बघून उल्हास खुशीत आला. "विने, बघ, आपल्याच लोकांचं गाव. मराठॉन!" विनी म्हणाली, "बाबा, प्लीज," आणि तिनं कॉमिकमध्ये तोंड खुपसलं. सुचित्रा मात्र हसली. गाडीत सगळ्यांचे मूड इतके छान बऱ्याच दिवसांत नव्हते.

नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर राजाराम आधीच येऊन बसला होता. त्याच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली काय आहे, हे उल्हासला ताडपत्रीच्या आकारावरूनच कळलं. सुचित्रालाही कळलं.

"भावजी, ही कशाला आणलीत?"

"माझ्यासाठी, वहिनी. इथे मातीचे रस्ते फर्स्टक्लास आहेत."

सुचित्रानं उल्हासकडे पाहिलं. उल्हास तंबूची खुंटी ठोकत होता. खुंटी केव्हाच आत गेली होती, तरी तो ठोकतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन तिघांनी नदीकाठच्या पायवाटेनं गरम पाण्याच्या कुंडापर्यंत जायचं ठरलं होतं. आयत्या वेळी उल्हास म्हणाला, "तुम्ही दोघी व्हा पुढे. मी भांडी घासून टाकतो. नाहीतर वासानं ती रानडुकरं यायची." भांडी घासायची हौस त्याला मुळातच होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्याला स्वतःलाही नाही. आपण खरोखरच भांडी घासायला थांबलो आहोत, असंच तो धरून चालला होता. आणि त्यानं घासलीही, अगदी चकचकीत.

"चल, मार एक चक्कर," राजाराम म्हणाला.

"नको रे."

"का बे? एवढा जावावाला म्हणवतोस!"

शपथेचं त्याला सांगायचं उल्हासच्या जिवावर आलं. चाळिशी उलटलेल्या इंजिनिअरनं दुसऱ्या इंजिनिअरला सांगायचं काय, की पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय म्हणून? तो म्हणाला, बरं, नुसती बघतो. बघता बघता चोक कुठे असतो ते विचारलं. मग टाकीवरून हात फिरवला. आणि हात फिरवल्यावर त्याच्या लक्षात आलं की शपथेचे शब्दच मुळी 'हात लावणार नाही' असे होते. म्हणजे मोडायची ती आत्ताच मोडली. मग चक्कर मारल्यानं आणखी काय मोडणार? शिवाय शपथ घेतली ती हायवेवरच्या अपघातामुळे, आणि हे तर वाळवंट. अशा वेळी शिकलेल्या माणसाचं डोकं वकिलाच्याही वरताण चालतं. राजाराम बर्फ आणायला पिकअप घेऊन कॅम्पच्या दुकानाकडे गेला, आणि इकडे उल्हासनं किक मारली.

खरं सांगायचं तर त्याला फार, फार मजा आली. पायाला सगळं आठवत होतं. पक्का रस्ता सोडून तो मातीच्या जुन्या रस्त्याला लागला, तेव्हा मागचं चाक एकदा थोडं बाजूला घसरलं, आणि घाबरायच्या ऐवजी तो मोठ्यानं हसला. काटेरी झुडपांच्या टोकांना लाल फुलं आली होती, पलीकडे मेक्सिकोतले कडे गुलाबी दिसत होते, आणि तोंडावर येणारा वारा कोरडा ठणठणीत होता. आता वळू, त्या टेकाडापाशी वळू, असं म्हणत तो टेकाडामागून टेकाड मागं टाकत गेला. कुलूप, गॅस, छत्री, सगळं कुठल्या कुठे पडलं. त्या सगळ्या वेळात त्याला सुचित्राची आठवण झाली नाही आणि विनीचीही नाही. हेच पुढे त्याला सगळ्यांत जास्त लागलं. चालवताना मनात धाकधूक असती तर निदान तेवढं तरी स्वतःच्या बाजूनं सांगता आलं असतं.

परत आला तर विनी तंबूच्या सावलीत आडवी पडली होती. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले, शेजारी ओकारीवर टाकलेली वाळू. सुचित्रा तिच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवत होती. राजाराम नुकताच बर्फ घेऊन आला होता आणि तसाच रेंजरला बोलवायला पळत होता. उल्हासनं गाडी लांबच बंद केली, ढकलत आणली आणि पिकअपच्या आडोशाला लावली. हे एवढं त्याला तशा स्थितीतही सुचलं.

"कुठे होतात?" सुचित्रानं वर न बघता विचारलं. "मी हिला खांद्यावर टाकून आणलं. इथे माणूस नाही की काणूस नाही."

"इथेच. नदीकडे गेलो होतो."

वाट वाटली होती त्याहून लांब निघाली होती आणि तिच्यावर सावलीचं एक झाड नव्हतं. पाण्याची बाटली एकच घेतली होती. विनीची टोपी गाडीत मागच्या सीटवर राहिली होती. उल्हास बरोबर असता तर टोपी राहिली असती का? टोपीच काय, त्यानं दोन कॅन पाणी, ग्लुकोज आणि ती हास्यास्पद छत्रीसुद्धा नेली असती. सगळ्या गावानं ज्या गोष्टीवरून त्याची थट्टा केली होती, तिची खरी गरज पडली त्या दिवशी तो जागेवर नव्हता.

रेंजर आली, उंच, शांत बाई. तिनं नाडी बघितली, डोळे बघितले. ऊन लागलंय, म्हणाली. सावलीत ठेवा, अंग ओलं ठेवा, मीठ घातलेलं पाणी घोट घोट द्या. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही, किंवा पोर बरळायला लागली, तर मात्र हॉस्पिटल गाठावं लागेल, आणि हॉस्पिटल शंभर मैलांवर. मी मधून मधून येऊन बघून जाईन.

उल्हासनं लिंबू, मीठ, साखर घालून पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं विनीला पाजत बसला. पहिलं पाणी तिनं ओकून टाकलं. दुसरं राहिलं. तिच्या डोक्याखाली उशी सारखी करताना त्याचा हात तिच्या केसांवर गेला आणि चटका बसल्यासारखा त्यानं तो मागं घेतला. शपथेनं माणूस मरतं, यावर त्याचा काडीइतका विश्वास नव्हता. विनीला काय झालंय आणि का झालंय, हे तो कागदावर मांडून दाखवू शकला असता. पण मनातल्या भीतीला कागद वाचता येत नव्हता. उन्हाचा जोर वाढत गेला, विनी डोळे मिटून पडून राहिली, आणि उल्हासच्या मनात एकच वाक्य घुमत राहिलं: मी हिची शपथ घेतली होती आणि मी ती खेळ म्हणून मोडली.

दुपार कलली तेव्हा विनी तंबूत शांत पडली होती. झोपलीय की ग्लानीत आहे, ते कळत नव्हतं. सुचित्रा टॉवेल भिजवायला उठून गाडीशी ठेवलेल्या कॅनकडे गेली. उल्हास तिच्या मागं गेला.

"सुचित्रा, मी आज मोटरसायकल चालवली."

ती टॉवेल पिळत होती. पिळतच राहिली.

"कधी?"

"तुम्ही गेल्यावर."

"म्हणजे मी हिला उचलून आणत होते तेव्हा."

"हो."

"आणि नदीकडे गेलो होतो म्हणालात."

उल्हासनं मान खाली घातली. मग भडभडा बोलायला लागला. "मला काय हवं ते बोल. नंतर बोल. आधी ती शपथ सोडव. सुटली म्हण. आत्ताच्या आत्ता म्हण."

"तुमचा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर?"

"नाही. तुझाही नाही. तरी म्हण."

सुचित्राचा चेहरा वेडावाकडा झाला. "सकाळपासून मी स्वतःला खातेय. टोपी विसरले, टोपी विसरले, म्हणून. मला वाटलं, आई म्हणून मी नालायक. आणि तुम्ही शेजारी बसून ते बघत होतात!" तिचा आवाज चिरकला. "सुटली! सुटली, सुटली, सुटली! झालं समाधान? जा, पाणी पाजा तिला."

ऊन उतरलं तशी विनी उठून बसली आणि तिनं चिप्स मागितल्या. रेंजरनं येऊन पाहिलं आणि अंगठा वर केला. राजारामनं मोठ्यानं "जय गजानन!" केलं. उतार मीठ-साखरेनं पडला की आणखी कशानं, हे उल्हास विचारत बसला नाही. सुचित्रा त्याच्याशी बोलत नव्हती, पण ते त्याला चालण्यासारखं होतं. पोर वाचली, शपथ सुटली, बायकोचा राग आज ना उद्या उतरेल. विनीला हसवण्यासाठी त्यानं रानडुकराची नक्कल केली. ती थोडीशी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरायचं चाललं होतं. सुचित्रा नळाशी होती, राजाराम पिकअपवर दोर आवळत होता. विनी लाकडी टेबलाशी बसून त्याच्या फटीतली माती काडीनं उकरत होती. उल्हास दशमी घेऊन तिच्याजवळ बसला.

"बाबा, व्हॉट्स 'सुटली'?"

उल्हासचा चेहरा खुलला. मराठीचं पुस्तक काढलं की या पोरीच्या पोटात दुखायचं, आणि आज ती आपणहून शब्दाचा अर्थ विचारत होती! हा शब्द हिनं ऐकला कुठे, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण तो शिकवायलाच बसला.

"ती एक गंमत असते. समज, मी तुला शपथ घातली की कुकी खायची नाही. मग तुला ती खाता येत नाही."

"लाइक अ प्रॉमिस."

"प्रॉमिसच्या वर! प्रॉमिस नुसतं असतं. शपथेत एक माणूस ठेवावं लागतं. आईची शपथ, नाहीतर बाबांची, कुणाची तरी. आम्ही शाळेत उठल्या-सुटल्या घालायचो. आणि ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटलं, की आपण मोकळे."

"आणि सुटली म्हणायच्या आधीच कुकी खाल्ली तर?" विनीनं इंग्रजीत विचारलं.

"तर ज्याची शपथ, ते मरतं!" उल्हास शाळेतल्या पोरांच्या सुरात, डोळे मोठे करून म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं.

विनी काडीनं माती उकरतच होती. तंबू गाडीच्या अगदी जवळ होता आणि हवा यावी म्हणून त्याची ती बाजू उघडी ठेवली होती. ती उघडी कुणी ठेवली, हेही त्याला आठवलं. त्यानंच.

"अँड इट वॉज मी," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"अगं विने, ते सगळं नुसतं बोलायचं असतं. त्यात खरं काही नसतं. मी मानत नाही, आई मानत नाही, कुणीच मानत नाही."

"देन व्हाय डिड यू मेक हर से इट?"

उल्हासनं दशमीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. विनी रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. ती फक्त काहीतरी समजून घेत होती. तिनं समजून घेऊ नये, एवढंच त्याला त्या क्षणी हवं होतं. सुचित्रानं शपथ घातली आणि सुचित्रानं सोडवली. दोन्ही वेळा तो आणि ती आपापसात बोलले होते. जिच्या डोक्यावर हात ठेवला होता, तिला कुणी घालताना विचारलं नव्हतं आणि सोडवतानाही नाही.

"वॉज इट फन?" विनीनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तिनं विश्वासही ठेवला असता.

"हो," उल्हास म्हणाला. "खूप."

"ओके," विनी म्हणाली. तिनं काडी टाकली, बाकावरून उतरली आणि नळाशी जाऊन आईच्या अंगाला चिकटून उभी राहिली. आईनं पदराला हात पुसावेत तसे टीशर्टला पुसले आणि तिच्या डोक्यावर ठेवले. उल्हास दशमी हातात धरून तिथेच बसून राहिला. उठून तिच्याजवळ जावं आणि म्हणावं, विने, एकदा तू सुटली म्हण गं, असं त्याला फार वाटलं. पण ते मागायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.